घोडनदी ते असल उत्तर

जॉर्ज पॅटन हा अमेरिकेच्या घोडदळात घडलेला सेनापती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेत तो पाचवा आला. पुढच्याच वर्षी अमेरिकी घोडदळाने सरळ पात्याची जी नवी तलवार स्वीकारली, ती त्याने आखलेली होती. आणि १९१८ साली फ्रान्सच्या आघाडीवर हाच तलवारबाज रणगाड्यांच्या ब्रिगेडचा प्रमुख होता. १९४५ च्या डिसेंबरात मोटार अपघातातल्या दुखापतीने जर्मनीत तो वारला. पुढे त्याच्या देशाने आपल्या रणगाड्यांच्या मालिकेला त्याचे नाव दिले. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९६५ च्या सप्टेंबरात, पंजाबातल्या खेमकरणजवळ उसाच्या ओल्या रानात पाकिस्तानकडचे ते पॅटन रणगाडे रुतून बसले. त्यांच्यासमोर भारताचे जुने शर्मन रणगाडे होते. शर्मन हेही एका अमेरिकी सेनापतीचेच नाव. त्या शर्मनवाल्या रेजिमेंटचा, डेक्कन हॉर्सचा, प्रमुख होता एकोणचाळीस वर्षांचा एक मराठी लेफ्टनंट कर्नल: अरुणकुमार श्रीधर वैद्य.

वैद्य पुढे लष्करप्रमुख झाले. महाराष्ट्राला ते आठवतात ते बहुधा दोन तारखांमुळे. एक, जून १९८४, अमृतसरची कारवाई. दुसरी, १० ऑगस्ट १९८६, पुण्यात निवृत्त जनरल स्वतः मोटार चालवत पत्नीसह घरी निघाले असताना राजेंद्रसिंहजी मार्गावर त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या. या दोन तारखांच्या आधीची जवळपास चार दशके, म्हणजे माणसाने आपला धंदा शिकण्यात आणि करण्यात घालवलेला सगळा काळ, आपल्या सार्वजनिक आठवणीतून गळून पडला आहे. वैद्यांवर तर हा अन्याय आहेच. पण त्यात आपलेही मोठे नुकसान आहे, कारण त्या चार दशकांत जे ज्ञान वापरले गेले ते मुळात भीमेच्या खोऱ्यातले, शिरूर आणि दौंडच्या मातीतले आहे.

दौंड तालुक्याचा बराच भाग इंग्रजी अमलात भीमथडी तालुक्यात मोडत असे. थडी म्हणजे नदीकाठ. या काठावरची घोडी ठेंगणी, काटक, निबर खुरांची. कडबा आणि माळावरचे गवत यांवर गुजराण करणारी. अरबी घोड्याची ऐट त्यांच्यात नाही, पण दिवसभर ओझे वाहून रात्री उघड्यावर उभे राहण्याची ताकद आहे. आजही मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांचा संसार, म्हणजे भांडीकुंडी, पाल, कोंबड्या आणि कधी नुकतेच जन्मलेले कोकरू, याच घोड्यांच्या पाठीवर चाललेला दिसतो. अलीकडे राष्ट्रीय पातळीवर भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. उल्लेख आहे म्हणजे अभिमान आहे. प्रश्न असा की, त्या तट्टावर बसणाऱ्या माणसाला नेमके काय येत होते, हे आपण कधी विचारले का?

मराठी मनात घोडदळ म्हणजे वेग. दोन पायांवर उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, मागे उडणारी धूळ. चौकाचौकात हेच चित्र धातूत ओतलेले आहे. वेग हा घोडदळाचा गुण खराच, पण ते त्याचे ज्ञान नव्हे. घोडदळाचे ज्ञान म्हणजे जमीन वाचणे आणि घटका ओळखणे. कुठे खूर रुततील, कुठला ओढा उतरता येईल, वैरण किती दिवस पुरेल, शत्रू कुठल्या वाटेने येणे त्याला भाग पडेल, हे आधी कळले पाहिजे. त्यानंतर वेग. हे ज्ञान जिथे चुकले तिथे वीस हजार घोडेस्वारही निरुपयोगी ठरले, याची दोन उदाहरणे भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठीच घडली आहेत.

५ नोव्हेंबर १८१७, खडकी. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले. समोर इंग्रजांचे जेमतेम तीन हजार लोक. गोखल्यांनी संधी अचूक हेरली: इंग्रजांची एक पलटण बाकीच्या रांगेपासून पुढे सरकून सुटी पडली होती. त्यांनी निवडक घोडदळ जरीपटक्यासह तिच्यावर सोडले. वेग होता, संख्या होती, शौर्याला तर तोटा नव्हता. आणि त्या पलटणीच्या पुढ्यातच दलदल निघाली. पुढचे घोडे चिखलात फसले, मागचे त्यांच्यावर येऊन आदळले, आणि इंग्रजी शिपायांनी गोळीबार केला तो थांबलेल्या गर्दीवर. राजधानीपासून तासाभराच्या रपेटीवरची ती जमीन होती. ती कोणी आधी पाहून ठेवली नव्हती. खडकीची लढाई एकट्या दलदलीने घालवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पेशव्यांच्या छावणीतली चलबिचल, इंग्रजांची शिस्त आणि तोफा यांचाही वाटा होताच. पण घोडदळाचा तो एक निर्णायक घाव वाया गेला तो मात्र चिखलामुळे.

दोन महिन्यांनी कोरेगाव. ३१ डिसेंबरच्या रात्री इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. सुमारे पाचशे पायदळ शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठी पोचला तेव्हा पलीकडे पेशव्यांचे वीस हजारांवर घोडदळ दिसले. स्टाँटनने एकच शहाणपणाची गोष्ट केली: तो गावात शिरला. मातीच्या भिंती, अरुंद बोळ, वाड्यांची दारे. तिथे घोडदळाचा उपयोग शून्य. दिवसभर जी झुंज झाली ती पेशव्यांच्या अरब आणि इतर पायदळाशी, आणि अफाट घोडदळ नदीकाठी पाहत उभे राहिले. अन्नपाण्यावाचून लढलेल्या त्या शिपायांची, त्यातल्या महार सैनिकांच्या पराक्रमाची आठवण तिथला स्तंभ देतो. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या आठवणीला नवा अर्थ मिळाला. त्या अर्थाला धक्का न लावता लष्करी अंगाने एवढेच म्हणायचे आहे की, त्या दिवशी जमीन स्टाँटनने वाचली होती.

गोखल्यांना मात्र या दोन प्रसंगांवरून मोजू नये. २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टी येथे जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांना गाठले. बाजीराव निसटले. ते निसटू शकले, कारण गोखल्यांनी थोडक्या स्वारांनिशी इंग्रजी घोडदळावर हल्ला चढवला आणि त्यात ते पडले. स्वतः स्मिथ जखमी झाला. ज्याच्यासाठी लढायचे तो मैदान सोडून गेलेला असताना, आपण किती वेळ मिळवून देऊ शकतो याचा हिशेब करून केलेली ती चढाई होती.

आता शिरूरची गोष्ट, जी बहुतेकांना अवघड वाटते. जून १८१७ च्या तहाने पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून मुलूख लिहून घेतला आणि त्याच्या उत्पन्नातून इंग्रजांच्या हुकमतीखाली घोडदळ उभे केले. तेच पुढे पुणे हॉर्स. शिरूर, म्हणजे घोडनदी, हे या घोडदळाचे दीर्घकाळचे ठाणे. कोरेगावला स्टाँटनबरोबर गेलेले घोडेस्वार याच दलाचे. म्हणजे पेशव्यांच्या पैशाने, पेशव्यांच्याच मुलखात, पेशवाई मोडण्यासाठी उभारलेली फौज. मग तिचा अभिमान शिरूरकराने का धरावा?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण त्याचे उत्तर त्या फौजेच्या घडणीत आहे. पुणे हॉर्स उभी राहिली ती शिलेदारीच्या पद्धतीवर. सवाराने घोडा, खोगीर, हत्यार स्वतःचे आणायचे, आणि त्या बदल्यात जास्त पगार घ्यायचा. शिलेदार आणि बारगीर हा भेद शिवकाळापासून इथे मुरलेला. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराची पत आणि पोट दोन्ही धोक्यात. त्यामुळे तो जमीन, पाणी, वैरण यांच्याकडे मालकाच्या नजरेने पाही. इंग्रजांनी ही पद्धत शोधली नाही. त्यांना ती तयार मिळाली, आणि स्वस्त पडत होती म्हणून पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांनी ती चालू ठेवली. ध्वज परक्यांचा होता, कसब इथले होते. कसबाला ध्वजाबरोबर बुडवायचे कारण नाही.

शिरूरच्या लोकांनी तर या बाबतीत फार पूर्वीच आपला निवाडा दिलेला आहे. पुण्याच्या इंग्रजी फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याची कबर शिरूरला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, आसपासच्या गावचे लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीला दाखवत. परका, परधर्मी, जिंकायला आलेला अधिकारी, आणि त्याला पहिल्या धान्याचा मान. माणूस कुठून आला यापेक्षा तो कसा वागला हे पाहण्याची ही रीत पुस्तकी नाही, गावची आहे.

दुसरा आक्षेप असा की, घोडा गेला तिथे परंपराही गेली; रणगाड्याचा आणि भीमथडी तट्टाचा संबंध नावापुरता. हा वाद अमेरिकेच्या घोडदळात प्रत्यक्ष खेळला गेला. तिथे घोडदळाचा शेवटचा प्रमुख मेजर जनरल जॉन हेर हा घोड्यावर निष्ठा ठेवून बसला. रणगाडे हवेत तर ते घोडे कमी न करता द्या, असा त्याचा हट्ट. दुसरा घोडदळातलाच सेनापती, अॅडना चॅफी, म्हणत होता की घोडदळाचे काम महत्त्वाचे, जनावर नव्हे. जुलै १९४० मध्ये चॅफीच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र रणगाडा दल निघाले; मार्च १९४२ मध्ये घोडदळप्रमुखाचे पदच रद्द झाले. हेरला घोड्याविषयी जेवढे प्रेम होते तेवढे चॅफीला नसेल, पण घोडदळ समजले होते ते चॅफीला. भारतात हे स्थित्यंतर नावांसकट पार पडले. आजही रणगाड्यातला साधा जवान सवार म्हणवतो, त्याच्यावर दफेदार आणि वर रिसालदार. तोफखाना किंवा पायदळाच्या शिडीत हे शब्द सापडत नाहीत.

१९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला या परंपरेची कसोटी लागली. पाकिस्तानच्या पॅटनची तोफ नव्वद मिलिमीटरची, चिलखत जाड. समोरासमोर आणि लांबून मारा केला तर शर्मनचा निभाव लागणे कठीण. ८ सप्टेंबरपर्यंत भारताची चौथी डोंगरी डिव्हिजन खेमकरणहून मागे हटून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात उभी राहिली होती. उघडे तोंड शत्रूकडे. आणि रात्रीतून पाटाचे पाणी रानात सोडले गेले.

या एका कृतीचा अर्थ दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याइतका कोणाला कळणार? मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ज्याने ऊस भरला आहे, रात्रीची पाळी आली म्हणून बॅटरी घेऊन दारे धरली आहेत, त्याला माहीत असते की भरलेले रान वरून कसे फसवते. वर हिरवागार ऊस, जमीन सपाट, कुठे डबके दिसत नाही. पण वाफसा यायच्या आत ट्रॅक्टर घातला की मागचे चाक जागीच फिरते आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर खाली जाते. मग दुसरा ट्रॅक्टर आणा, साखळी लावा, फळ्या टाका. पॅटनचे वजन पंचेचाळीस टनांच्या घरातले. तो रुतल्यावर साखळीने ओढायला कोण येणार? वळायला गेला की त्याची कुशी उघडी पडे, आणि उसात दडून बसलेले शर्मन, रणगाडाभेदी तोफा, अब्दुल हमीद यांच्यासारखे जीपवरच्या तोफेचे गोलंदाज त्या कुशीचीच वाट पाहत होते. हमीद तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे सुमारे ९७ रणगाडे त्या परिसरात नष्ट झाले किंवा हाती लागले. काही तर चालू स्थितीत सोडून दिलेले.

खडकीला मराठी घोडदळाला जी दलदल आडवी आली, ती असल उत्तरला शत्रूसाठी मुद्दाम तयार केली गेली. मधल्या एकशे अठ्ठेचाळीस वर्षांत घोडदळाने काय शिकायला हवे होते आणि काय शिकले, ते या दोन चिखलांत दिसते. योजना एकट्या वैद्यांची नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख, रणगाडा ब्रिगेडचे त्यागराज, सेंच्युरियनवाली थर्ड कॅव्हलरी, सगळ्यांचा त्यात भाग होता. वैद्यांचा वाटा असा की, कमजोर रणगाडे हाती असताना त्यांनी आपली रेजिमेंट तुटू दिली नाही, माघारीत विस्कटू दिली नाही, आणि पुढच्या तीन दिवसांत ती जिथे हवी तिथे उभी ठेवली. माघार घेत लढणे हे लढाईतले सर्वांत अवघड काम. त्याचा पुतळा होत नाही. त्यांना पहिले महावीरचक्र मिळाले ते याच लढायांसाठी.

सहा वर्षांनी पुणे हॉर्स आणि वैद्य एकत्र आले. डिसेंबर १९७१, शकरगढची आघाडी. वैद्य आता ब्रिगेडियर, सोळाव्या स्वतंत्र रणगाडा ब्रिगेडचे प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली लेफ्टनंट कर्नल हणूतसिंग यांची पुणे हॉर्स. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवला. रणगाडे मात्र अलीकडे, मध्ये सुरुंगांचा खोल पट्टा. इंजिनिअर वाट साफ करत होते, काम अर्धे व्हायचे होते, आणि पलीकडून शत्रूचे रणगाडे येत असल्याची खबर आली. नियमाप्रमाणे थांबायला हवे होते. थांबले तर पायदळ चिरडले जाणार. पुणे हॉर्स अर्धवट साफ झालेल्या सुरुंगांतून पुढे गेली.

ही बेफिकिरी नव्हती. खडकीला जमीन न पाहता घोडे सोडले गेले. इथे जमिनीत काय आहे हे पुरते ठाऊक असताना, न जाण्याची किंमत जास्त आहे हे मोजून पाऊल टाकले गेले. घटका ओळखणे म्हणजे हेच. आणि अशा वेळी वरच्या अधिकाऱ्याची परीक्षा वेगळीच असते. पुढे जाणाऱ्याला अडवायचे नाही, त्याच्या मागे पुढची तुकडी, दारूगोळा आणि इंधन पोचते ठेवायचे. दुसऱ्या दिवशी याच रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, जन्म पुण्याचा, वय एकवीस, पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश असतानाही तोफ चालते आहे तोवर हटायला तयार झाला नाही आणि तिथेच पडला. त्याच्या रेजिमेंटचा आधीचा प्रमुख तारापोर १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर असाच पडला होता. दोघांनाही परमवीरचक्र. वैद्यांना दुसरे महावीरचक्र. हा सन्मान दोनदा मिळालेले अधिकारी भारतात मोजकेच आहेत.

यापुढचा भाग इतका स्वच्छ नाही, आणि वैद्यांविषयी आदर असणाऱ्यानेच तो सांगितला पाहिजे. ३१ जुलै १९८३ ला ते लष्करप्रमुख झाले तेव्हा सेवाज्येष्ठ लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलले गेले आणि सिन्हांनी राजीनामा दिला. निवड सरकारची होती, वैद्यांची नव्हे, पण पदावर ती छाया राहिली. एप्रिल १९८४ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत सैन्य सियाचिनवर चढले. दोन महिन्यांनी अमृतसर. कारवाईचा निर्णय राजकीय, आखणी पश्चिम विभागाची, पण लष्करप्रमुख म्हणून जबाबदारी त्यांची. आयुष्यभर उघड्या रानात रणगाडे चालवलेल्या सेनापतीच्या काळात रणगाड्याची तोफ अकाल तख्तावर चालली. त्याने शीख समाजाच्या मनावर झालेली जखम खरी आहे. तिला कारवाईच्या समर्थनाखाली झाकणे चूक. आणि त्या जखमेचा सूड म्हणून निवृत्त, नि:शस्त्र माणसाचा खून हाही गुन्हाच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य केले की मग असल उत्तर आणि बसंतरकडे बघायला जागा होते. आज तीच जागा बुजलेली आहे. त्यांच्या नावाने मुंबईत गोरेगावला रस्ता आहे, १९८७ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषणही आले. त्यांचे युद्ध मात्र मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही.

पुणे हॉर्समध्ये आज इकडचे जवान किती, हा प्रश्न काहीजण विचारतील. बहुतेक उत्तरेकडचे. पण ज्ञानाचा वारसा भरतीच्या यादीने ठरत नाही. भारतातला प्रत्येक रणगाडा-सवार आपले काम शिकतो ते अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या केंद्रात आणि शाळेत. १९४८ पासून ते तिथे आहे. शिरूरहून पुणे रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि दौंडहून रेल्वेने थेट, कारण मनमाडचा फाटा दौंडलाच फुटतो. १८७८ मध्ये तो सुरू झाला. तिथल्या संग्रहालयात पकडून आणलेला पॅटन हात लावून पाहता येतो.

शिरूर आणि दौंडच्या शाळांनी सहल तिथेच न्यावी. पण रणगाड्यावर चढून फोटो काढण्यापुरती नको. जाण्याआधी वर्गात दोन नकाशे शेजारी शेजारी लावावेत, खडकीचा आणि असल उत्तरचा. पाणी कुठे आहे, उतार कुठल्या बाजूला, कोण कुठून येणार, हे मुलांनाच काढायला सांगावे. ज्यांच्या घरी ऊस आहे ती मुले बहुधा आधी सांगतील. मग वैद्यांचे नाव घ्यावे, आणि त्यांचे सगळे आयुष्य, १९८४ सकट, त्यांच्यापुढे ठेवावे.